आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची रसायन-अध्यापनाची रीत

एखाद्या शास्त्राचा इतिहास लिहिताना शोधांची आणि शोधकांची नोंद सहसा तपशिलाने होते. परंतु ते शोधक ज्या वर्गांत बसून घडले त्या वर्गांची नोंद क्वचितच होते. आधुनिक भारतातील रसायनशास्त्राच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या शास्त्राचा येथील पाया ज्यांनी घातला त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे सर्वांत मोठे कार्य त्यांच्या संशोधन-लेखांत नसून त्यांच्या अध्यापनात आहे. इ. स. १८८९ ते १९१६ पर्यंत कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि त्यानंतर १९३६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. या अध्यापनाची रीत कोणती होती, ती कशी घडत गेली आणि तिचे फळ काय मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. विद्यार्थिदशेतील संस्कार

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी त्या वेळच्या जेसोर जिल्ह्यातील राडुली या गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशाच्या खुलना जिल्ह्यात मोडतो. वडील हरिश्चंद्र राय हे सुधारक वृत्तीचे जमीनदार असून ग्रंथप्रेमी होते. मुलांच्या शिक्षणासाठी १८७० साली हे कुटुंब कलकत्त्यास आले. हेअर स्कूलमध्ये शिकत असताना प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा तीव्र विकार जडला आणि शाळा सोडून दीर्घकाळ घरी राहावे लागले. प्रकृती कायमची अधू झाली; परंतु या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी वडिलांच्या संग्रहातील ग्रंथ वाचून काढले. क्रमिक पुस्तकाबाहेर वाचण्याची ही सवय पुढे त्यांच्या अध्यापनातही उतरली.

१८७९ मध्ये प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तेथे शास्त्रविषयांच्या प्रयोगांची सोय नव्हती. म्हणून रसायनाच्या व्याख्यानांसाठी ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात जात. तेथील प्राध्यापक अलेक्झांडर पेडलर हे वर्गासमोर प्रयोग करून दाखविण्यात अतिशय निष्णात होते. त्यांचे प्रयोग पाहून प्रफुल्लचंद्र आणि त्यांचा एक सहाध्यायी यांनी बिऱ्हाडाच्या जागेतच एक छोटीशी प्रयोगशाळा थाटली आणि वर्गात पाहिलेले प्रयोग तेथे करून पाहण्यास आरंभ केला. एकदा त्यांनी एका साध्या कारागिराकडून पातळ पत्र्याची, प्राणवायू व हायड्रोजन यांच्या ज्वालेची फुंकनळी बनवून घेतली. जोड नीट बसले नव्हते. उपकरणाचा स्फोट झाला आणि दोघेही सुदैवाने बचावले. साहित्य व इतिहास यांची ओढ असलेला हा विद्यार्थी रसायनाकडे वळला तो पुस्तकामुळे नव्हे, तर डोळ्यांदेखत घडलेल्या प्रयोगामुळे. पुढे शिक्षक झाल्यावर त्यांनी या अनुभवाचे मोल कधी कमी लेखले नाही.

१८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस गेले. तेथे अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांच्या हाताखाली अध्ययन करून १८८७ मध्ये त्यांनी डी.एस्‌सी. ही पदवी मिळविली. १८८८ मध्ये स्वदेशी परतल्यावर मात्र जवळजवळ वर्षभर त्यांना काम मिळाले नाही. शिक्षणखात्याच्या वरिष्ठ श्रेणीची दारे हिंदी माणसास व्यवहारतः बंद होती. अखेर जुलै १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा २५० रुपयांवर तात्पुरत्या साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. ज्या महाविद्यालयात ते बाहेरचे विद्यार्थी म्हणून येत असत, तेथेच आता ते पेडलरसाहेबांचे सहकारी झाले.

२. वर्गातील प्रयोग

नवीन प्राध्यापकाने वरच्या वर्गांची अपेक्षा करावी आणि खालचे वर्ग कनिष्ठांकडे सोपवावे, ही महाविद्यालयांतील सर्वसाधारण रूढी. रायांनी नेमके उलट केले. शाळेतून नुकत्याच आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम ते हेतुपूर्वक आपल्याकडे घेत. कुंभाराच्या हातातील ओल्या मातीला हवा तो आकार देता येतो, तसेच या वयातील मनाचे असते, अशी त्यांची धारणा होती. एकच एक क्रमिक पुस्तक धरून शिकविणे त्यांना मान्य नव्हते. शास्त्रातील मूळ तत्त्वे आणि ती सिद्ध करणारे प्रयोग यांभोवती त्यांची व्याख्याने गुंफलेली असत.

वर्गातील प्रयोग फसला की विद्यार्थ्याचा केवळ शिक्षकावरचाच नव्हे, तर शास्त्रावरचाही विश्वास डळमळतो, हे राय जाणून होते. म्हणून नोकरीच्या आरंभीच्या काळात, डॉक्टरेट मिळविलेली असतानाही, त्यांनी प्रयोग मांडण्याची कला शिकून घेण्यात कमीपणा मानला नाही. महाविद्यालयातील डेमॉन्स्ट्रेटर चंद्रभूषण भादुडी यांच्या साहाय्याने ते दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानातील प्रयोगांची आदल्या दिवशी तालीम करीत. प्रयोगशाळेची जुनी जागा अपुरी व कोंदट होती. १८९४ च्या सुमारास नवी प्रयोगशाळा उभी राहिली, तेव्हा एडिंबरोच्या प्रयोगशाळेची रचना नमुन्यादाखल उपयोगी पडली.

प्रयोगातून त्यांना कोणता परिणाम साधावयाचा असे, हे विद्यार्थ्यांच्या आठवणींतून वारंवार सांगितल्या जाणाऱ्या एका प्रसंगावरून कळते. फॉस्फरसचा पाठ चालू असता राय हाडाचा एक तुकडा तीव्र ज्वालेवर पांढरा होईपर्यंत जाळीत आणि उरलेल्या राखेची चिमूट वर्गासमोर तोंडात टाकीत. उच्चवर्णीय हिंदू मुलांनी भरलेल्या त्या वर्गात हे कृत्य धक्का देणारे होते. परंतु त्यातील मुद्दा शास्त्राचा होता. हाडातील सेंद्रिय भाग जळून गेल्यावर मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट उरते. ते कोणत्या प्राण्याचे हाड होते हे राखेला ठाऊक नसते आणि रसायनशास्त्रालाही विचारावे लागत नाही. पदार्थाची शुद्धाशुद्धता परंपरेने ठरत नसून परीक्षणाने ठरते, ही गोष्ट एका व्याख्यानापेक्षा त्या एका चिमटीने विद्यार्थ्यांच्या मनावर अधिक ठसत असे.

या हाडांना आणखी एक पार्श्वभूमी होती. हाडांपासून फॉस्फेटची औषधी द्रव्ये तयार करता येतील का, हे पाहण्यासाठी रायांनी अपर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या आपल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर कच्ची हाडे वाळत घातली होती. अवकाळी पाऊस लागला, हाडांवरील मांस कुजले, किडे व कावळे जमले आणि शेजाऱ्यांनी ओरड केली. तेव्हा तो साठा शहराबाहेर हलवावा लागला. वर्गातील पाठ आणि घरातील उद्योग यांमध्ये त्यांनी कधी भिंत उभारली नाही.

३. भाषा आणि परंपरा

त्या काळी महाविद्यालयीन शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. विद्यार्थी परकी भाषा आणि परके शास्त्र अशी दोन ओझी एकाच वेळी उचलीत असे. राय स्वतः इंग्रजी साहित्याचे चोखंदळ वाचक. तरीही खालच्या वर्गांत ते मोकळेपणाने बंगालीचा आश्रय घेत. मातृभाषेतून न शिकविल्याने विद्यार्थ्याची निम्मी शक्ती शब्दांशी झगडण्यातच खर्च होते, हे मत त्यांनी आयुष्यभर मांडले. केवळ मत मांडून ते थांबले नाहीत. १८९३ साली मुलांसाठी प्राणिशास्त्रावर एक सोपे बंगाली पुस्तकही त्यांनी लिहिले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये उभारलेल्या कलाभवनातही तंत्रशिक्षण देशी भाषांतून देण्याचा प्रयत्न याच सुमारास चालू होता. रसायनाचे दोन अध्यापक, एक पूर्वेस आणि एक पश्चिमेस, एकाच प्रश्नाशी भिडले होते ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

भाषेइतकाच महत्त्वाचा प्रश्न परंपरेचा होता. रसायनशास्त्र ही युरोपची निर्मिती असून हिंदी माणसाने ते केवळ पाठ करावे, असा समज वर्गात नकळत रुजत असे. रायांनी चरक-सुश्रुतांपासून रसतंत्रापर्यंतच्या संस्कृत ग्रंथांचा अनेक वर्षे अभ्यास करून ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९०२ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच रसायनज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांच्याशी झालेला पत्रव्यवहार या कामास प्रेरक ठरला होता. ग्रंथाचे मोल संशोधकांच्या दृष्टीने स्वतंत्र आहे. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, आपल्या पूर्वजांनीही भट्टी पेटविली, धातू मारले, ऊर्ध्वपातनाची यंत्रे वापरली, हे विद्यार्थ्याला सप्रमाण सांगता येऊ लागले.

येथे एक सावधगिरी रायांनी पाळली. प्राचीनांना सर्व काही ज्ञात होते, असा दावा त्यांनी केला नाही. उलट, ही परंपरा पुढे का खुंटली याचीही त्यांनी चिकित्सा केली. हाताने काम करणारा कारागीर आणि विचार करणारा पंडित यांची जातिव्यवस्थेमुळे फारकत झाली, प्रत्यक्ष प्रयोग हीन मानला गेला आणि त्यामुळे भारतातील प्रायोगिक शास्त्र मंदावले, असा त्यांचा निष्कर्ष होता. हाडाची राख चाखणारा अध्यापक आणि हा निष्कर्ष काढणारा इतिहासकार यांची भूमिका एकच आहे.

४. उपजीविकेचा प्रश्न

रसायन शिकून पुढे काय, हा प्रश्न त्या काळच्या विद्यार्थ्यापुढे खरोखरीचा होता. हुशार मुले विज्ञानाची पदवी घेऊन वकिलीकडे वळत किंवा सरकारी कचेरीत कारकून होत. ज्या विषयाला समाजात स्थान नाही, त्याचे अध्यापन कितीही रसाळ असले तरी ते निष्फळ ठरणार, हे रायांनी ओळखले. १८९२ मध्ये सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी आपल्या राहत्या घरीच औषधी द्रव्ये तयार करण्यास आरंभ केला. ‘बेंगॉल केमिकल’चा उगम तो हाच. १९०१ मध्ये ती मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. महाविद्यालयातून परतल्यावर संध्याकाळी राय स्वतः या कारखान्याचे काम पाहत.

विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचे संशोधनाचे विषयही त्यांनी भोवतालच्या जीवनातूनच निवडले. बाजारातील तूप व मोहरीचे तेल यांतील भेसळ ओळखण्यासाठी त्यांनी सुमारे तीन वर्षे शुद्ध नमुने मिळवून त्यांची परीक्षा केली आणि निष्कर्ष १८९४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाऱ्याच्या संयुगांवरील त्यांचे प्रसिद्ध कामही याच काळातले. विरल नायट्रिक आम्लाची विपुल पाऱ्यावर क्रिया होत असता त्यांना पिवळे स्फटिक दिसले. ते मर्क्युरस नायट्राइट असल्याचे त्यांनी दाखविले व १८९६ मध्ये तो निष्कर्ष छापून प्रसिद्ध झाला. शिक्षक स्वतः अज्ञाताचा शोध घेत आहे, हे दृश्य विद्यार्थ्यांना आता आपल्याच महाविद्यालयात पाहावयास मिळू लागले. जतींद्रनाथ सेन, पंचानन नियोगी यांच्यासारखे विद्यार्थी लवकरच त्यांचे सहसंशोधक बनले. संशोधन-लेखावर विद्यार्थ्याचे नाव गुरूच्या नावाबरोबर येणे ही त्या काळच्या भारतात नवी गोष्ट होती.

५. सहवास

राय आजन्म अविवाहित राहिले. त्यांचे घर म्हणजे विद्यार्थ्यांचे घर असे. गरीब विद्यार्थ्यांना ते जवळ ठेवून घेत व त्यांच्या शिक्षणाचा भार उचलीत. सायंकाळी मैदानावर फिरावयास जाताना काही शिष्य बरोबर असत, आणि रसायनापासून राजकारणापर्यंत सर्व विषय तेथे निघत.

या राहणीची एक साक्ष महाराष्ट्राला परिचित असलेल्या माणसाकडून मिळते. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर गांधीजी काही दिवस गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे राहिले होते. राय शेजारीच राहत व वारंवार तेथे येत. ज्यांनी स्वतः फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर अध्यापन केले होते, त्या गोखल्यांनी त्यांची ओळख करून देताना गांधीजींना सांगितले की, या प्राध्यापकांना दरमहा ८०० रुपये वेतन आहे. त्यांतील ४० रुपये ते स्वतःसाठी ठेवतात आणि बाकीचे लोककार्यास देतात. गांधीजींनी हा प्रसंग आपल्या आत्मकथेत नोंदविला आहे.

हा सहवास शिस्तीच्या आड येत नसे. सत्येंद्रनाथ बसू हे प्रेसिडेन्सीत विद्यार्थी असताना त्यांना वर्गातील भाग आधीच अवगत असे आणि मग ते शेजाऱ्यांशी खोड्या करीत. रायांनी त्यांना शिक्षा केली नाही. आपल्या टेबलाजवळ वेगळे बसविले, असे सांगितले जाते. वर्गापुढे धावणाऱ्या विद्यार्थ्याला मागे न ओढता जवळ घ्यावे, ही त्यांची पद्धती होती.

६. फलश्रुती

१९०९ साल हे रायांनी स्वतःच आपल्या अध्यापकीय जीवनातील नव्या पर्वाचा आरंभ मानले. त्या वर्षी ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि सत्येंद्रनाथ बसू प्रेसिडेन्सीत दाखल झाले. १९११ मध्ये डाक्क्याहून मेघनाद साहा येऊन मिळाले. रसिकलाल दत्त व नीलरतन धर हे त्यांच्या थोडे पुढे होते. या नामावळीकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते: यांतील बहुतेकांनी कीर्ती मिळविली ती गुरूच्या विषयात नव्हे.

राय अकार्बनी रसायनाचे अभ्यासक होते. ज्या १८८७ साली त्यांना डी.एस्‌सी. मिळाली, त्याच वर्षी ओस्टवाल्ड व व्हान्ट हॉफ यांनी भौतिक रसायनाचे स्वतंत्र नियतकालिक जर्मनीत सुरू केले आणि अऱ्हेनियसने विद्युत्‌-विघटनाचा सिद्धांत मांडला. ही नवी शाखा रायांच्या शिक्षणक्रमात येऊ शकली नव्हती. तिच्यातील गणिती भाग हा त्यांचा प्रांतही नव्हता. तरी धर, घोष व मुखर्जी हे तिघेही तिच्याकडे वळले आणि रायांनी त्यांना अडविले नाही. घोष यांनी १९१८ च्या सुमारास तीव्र विद्युत्‌-विघट्यांविषयी मांडलेल्या उपपत्तीने युरोपातील शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. १९२३ मध्ये डिबाय व ह्यूकेल यांच्या उपपत्तीने तिची जागा घेतली, तथापि त्या प्रश्नाच्या इतिहासात तिचे स्थान राहिले. मुखर्जींनी कलिल द्रव्यांच्या अभ्यासात, धरांनी अलाहाबादेस भौतिक व मृदा-रसायनात नाव मिळविले. साहांचे १९२० मधील ऊष्मीय आयनीभवनाचे आणि बसूंचे १९२४ मधील सांख्यिकीचे कार्य तर पदार्थविज्ञानातले. शिष्याने आपलीच री ओढावी असा गुरूचा आग्रह असता, तर ही फळे मिळाली नसती.

१९१६ मध्ये राय प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाले. निरोपप्रसंगी त्यांनी रोमन माता कॉर्नेलियाचे उदाहरण दिले. आपले अलंकार कोणते असे विचारताच तिने आपल्या मुलांकडे बोट दाखविले होते; त्याप्रमाणे रायांनी आपल्या शिष्यांचा निर्देश केला. त्यानंतर तारकनाथ पालित यांच्या देणगीतून निर्माण झालेल्या, हिंदी व्यक्तीसच देण्याची अट असलेल्या प्राध्यापकपदावर ते सायन्स कॉलेजात रुजू झाले आणि त्या इमारतीतीलच एका खोलीत राहू लागले. १९२१ मध्ये वयाची साठ वर्षे पूर्ण झाल्यावर पुढील सर्व वेतन त्यांनी रसायन विभागाच्या वाढीसाठी विद्यापीठास अर्पण केले. १९२२ च्या उत्तर बंगालमधील महापुरात त्याच इमारतीत मदतकार्याचे केंद्र उघडले गेले आणि प्रयोगशाळेतील विद्यार्थी धान्य-वस्त्रांचे गठ्ठे बांधू लागले. रसायन शिकणे आणि समाजात जगणे या दोन गोष्टी रायांनी येथेही वेगळ्या मानल्या नाहीत.

या पद्धतीस मर्यादा नव्हत्या असे नाही. ती फार मोठ्या प्रमाणात एका व्यक्तीच्या त्यागावर, एकांड्या राहणीवर आणि अखंड उपलब्धतेवर उभी होती. संसारी अध्यापकाने तिचे जसेच्या तसे अनुकरण करावे, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. स्वदेशीचे कार्य, कारखाना, दुष्काळ व पूर यांमुळे त्यांच्या स्वतःच्या संशोधनास लागणारा वेळ विभागला गेला, हेही खरे. या मर्यादेची जाणीव रायांना असावी असे त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्यावरून दिसते. व्यक्तीच्या आधारावर चाललेले काम संस्थेच्या आधारावर ठेवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. १९२२ मध्ये त्यांनी विद्यापीठास १०,००० रुपये देऊन रसायनातील संशोधनासाठी नागार्जुन पारितोषिक ठेवले. घोष, मुखर्जी व शांतिस्वरूप भटनागर यांनी लंडनमध्ये असताना कल्पिलेली इंडियन केमिकल सोसायटी १९२४ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. पुढे घोष हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे आणि नंतर खरगपूरच्या तंत्रविद्या संस्थेचे संचालक झाले. मुखर्जींनी दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेची धुरा वाहिली. १६ जून १९४४ रोजी सायन्स कॉलेजातील त्याच खोलीत रायांचे देहावसान झाले, तोपर्यंत त्यांच्या शिष्यांचे शिष्य देशातील अनेक विद्यापीठांत रसायन शिकवीत होते.

प्रयोगाची आदल्या दिवशीची तालीम, पहिल्या वर्षाचा वर्ग, मातृभाषेचा आधार, शास्त्राच्या इतिहासाची जोड, कारखान्याचा उंबरठा आणि मैदानावरील फेरफटका ही सर्व वरवर पाहता निरनिराळी साधने दिसतात. त्यांचा हेतू मात्र एकच होता. रसायनशास्त्र ही परक्यांची, परक्या भाषेतील, परीक्षेपुरती वस्तू आहे, हा विद्यार्थ्याच्या मनातील भाव नाहीसा करावयाचा आणि ती वस्तू त्याच्या स्वाधीन करावयाची. स्वाधीन केलेल्या वस्तूचे विद्यार्थ्याने काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार रायांनी आपल्याकडे ठेवला नाही. त्यांच्या अध्यापनाचे यश मोजावयाचे ते या कसोटीवर.